बॅकअप यंत्रातील डिस्कवरील माहितीचे सुरक्षित निर्मूलन : महाविद्यालयीन संदर्भ

प्रस्तावना :
राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांच्या कार्यालयांत विद्यार्थ्यांचे गुण, जातीचे दाखले व शिष्यवृत्तीसाठीचे बँक खाते क्रमांक संगणकावर नोंदलेले असतात. त्यांची प्रत जतन करणारे बॅकअप यंत्र कालबाह्य झाल्यावर डेड स्टॉक नोंदवहीतून कमी होऊन भंगारात जाते. त्यासोबत माहितीही परक्या हाती जाऊ शकते.

कारणमीमांसा :
फाइल डिलीट केल्याने केवळ तिच्या स्थानाची नोंद पुसली जाते; मूळ मजकूर त्यावर नवे लेखन होईपर्यंत टिकतो. बॅकअप यंत्रातील डिस्कसंच मोडल्यानेही माहिती नष्ट होत नाही. ‘मिरर’ पद्धतीत तर एकाच डिस्कवर संपूर्ण प्रत असते. म्हणून प्रत्येक डिस्क स्वतंत्रपणे पुसणे आवश्यक ठरते.

पद्धती :
पीटर गुटमन यांनी १९९६ मध्ये सुचविलेल्या ३५ फेऱ्या आधुनिक चुंबकीय डिस्कसाठी अनावश्यक आहेत. संपूर्ण डिस्कवर एकदा पुनर्लेखन करून पडताळणी करणे सामान्यतः पुरेसे असते. एसएसडीच्या राखीव भागापर्यंत मात्र पुनर्लेखन पोहोचत नाही. तेथे डिस्कमधीलच सुरक्षित पुसण्याची आज्ञा वापरावी. नादुरुस्त डिस्क तोडून अधिकृत ई-कचरा पुनर्चक्रीकरण केंद्राकडे द्यावी.

निष्कर्ष :
हेतू संपल्यावर वैयक्तिक माहिती पुसण्याचे दायित्व २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात नमूद आहे. त्यामुळे डिस्कचा अनुक्रमांक, पुसण्याची पद्धत, दिनांक व पडताळणी करणाऱ्याची स्वाक्षरी नोंदविल्याशिवाय कोणतेही यंत्र लिलावास काढू नये.