जुन्या माळवदाच्या घराची डागडुजी : आधी भार, मग रंग



गळीत हंगाम आटोपला, उसाचे बिल हाती आले, की घराघरांत एकच विषय निघतो. यंदा घराचे काहीतरी करायचे! कोणी फरशी म्हणतो, कोणी रंग म्हणतो, कोणी जुन्या भिंतीवरच स्लॅब टाकायचा बेत करतो. आमचे सांगणे एवढेच, की पैसा खर्चण्याआधी एकदा माळवदाकडे आणि भिंतींकडे नीट पाहावे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. हजारो माणसे झोपेतच गेली. तोवर तो भाग सर्वांत कमी धोक्याचा समजला जात होता. माणसे दगावली ती मुख्यतः घरांमुळे. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती फुटल्या आणि वरचा मातीचा ढीग अंगावर आला. आपल्याकडची जुनी घरे याच घडणीची आहेत.

माळवद गळू नये म्हणून मृगाआधी पांढऱ्या मातीचा थर टाकायची आपली रीत. आजोबांनी टाकला, वडिलांनी टाकला, आपणही टाकतो. जुना मात्र कोणी काढत नाही. हिशोब करून पाहा. दहा फूट रुंद आणि वीस फूट लांब सोप्यावर फूटभर माती असेल तर ती दोनशे घनफूट झाली. घनफुटाला सुमारे ४५ किलो धरले तरी नऊ टन भरते. म्हणजे चार-पाच बैलगाड्या ऊस डोक्यावर घेऊन आपण झोपतो! पावसाने भिजल्यावर वजन आणखी वाढते.

म्हणून पहिले काम माती उतरवण्याचे. आधी तुळयांना खालून टेकू द्यावेत. माती सगळीकडून सारखी उतरवावी. एका बाजूला ढीग लावू नये. किलच्या, तुळया आणि खांबांचे बूड टोकदार सळईने टोचून पाहावे. सळई सहज आत गेली तर वाळवीने किंवा कुजीने लाकूड खाल्ले असे समजून ते बदलावे. मग जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरून त्यावर वीतभरापेक्षा जास्त माती ठेवू नये. पन्हाळाकडे उतार राखावा आणि पाणी भिंतीपासून लांब पडेल असे करावे. ऐपत असेल तर माती पुरती काढून पत्रा घालावा, पण तो वाऱ्याने उडणार नाही असा पक्का बांधावा.

दुसरे काम भिंतीचे. आपली दोन-अडीच हातांची भिंत बाहेरून एकसंध दिसते. खरे तर आत एक आणि बाहेर एक अशी दगडांची दोन तोंडे असतात, मधे माती आणि खपल्यांची भर. दोन्ही तोंडांना धरणारा लांब दगड नसला की भिंत हळूहळू पोट काढते. पोट सुटलेला भाग टेकू देऊन उतरवावा आणि नव्याने रचावा. रचताना दर दोन फूट उंचीला, चार-चार फुटांवर आरपार दगड घालावा. भिंत उभी ठेवायची असेल तर त्याच अंतराने एकेक दगड हलक्या हाताने काढून आरपार भोक पाडावे, दोन्ही टोकांना आकडा केलेली आठ मिलिमीटरची सळई घालून काँक्रीट भरावे आणि दहा दिवस पाणी मारावे. पहारीचे दणके देऊ नयेत. एका वेळी एकच भोक घ्यावे. दारे-खिडक्यांच्या माथ्यावरून भिंतीच्या दोन्ही अंगांना जाळी ठोकून सिमेंटचा पट्टा फिरवला, की चारी भिंती एकमेकींना धरून राहतात. हे काम मात्र जाणत्या इंजिनिअरला दाखवूनच करावे.

आता काय करू नये ते. मातीच्या भिंतीला सगळीकडून सिमेंटचा गिलावा देऊ नये. जमिनीतून चढलेली ओल आतच कोंडते, भिंत आतून भुसभुशीत होते आणि गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. त्यापेक्षा चुन्याचा गिलावा किंवा नेहमीचे मातीचे लिंपण बरे. कोपऱ्याजवळ नवी खिडकी फोडू नये; भिंतीचा जोर कोपऱ्यातच असतो. आणि मातीतल्या जुन्या भिंतीवर स्लॅब तर मुळीच टाकू नये. भाऊ म्हणतील, “एवढी वर्षं उभी आहे की भिंत!” उभी आहे, खरे आहे. पण किल्लारीच्या भिंतीही त्या पहाटेपर्यंत उभ्याच होत्या.

सगळे एका वर्षात जमणार नाही. यंदा माती उतरवा, पुढल्या हंगामानंतर भिंती धरा, रंगाचे नंतर पाहू. निदान एक गोष्ट आजच करता येईल. पोट सुटलेल्या भिंतीकडेला लेकराबाळांची अंथरुणे घालू नका.