गार इंजिन, गरम इंजिन

सकाळी सहा

जानेवारीत सहाला साताऱ्यात अजून अंधार असतो. आज गॅरेज मुद्दाम एवढ्या लवकर उघडलं, कारण मेढ्याच्या गुरुजींची गाडी रात्रभर गार पडलेली असतानाच तपासायची होती. गाडी १९९९ची मारुती ८००. रोज सकाळी तिच्याखाली ओल दिसते, पण दिवसभर चालवली तर एक थेंब गळत नाही. दुसऱ्या एका गॅरेजात त्यांना सांगितलं होतं, हेड पॅकिंग गेलंय, इंजिन खोलावं लागेल.

काल रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा सरकवून ठेवला होता. आता त्यावर हिरवट डाग आहे, गिअरबॉक्सच्या बरोबर खाली. पण डाग पडला ती गळण्याची जागा असेलच असं नाही. पाणी इंजिनाच्या अंगावरून, कडेकपारीतून ओघळत येतं आणि सगळ्यात खालच्या टोकावरून टपकतं. डागापासून वर वर चढत जायचं, हीच पद्धत.

साडेसहा

इंजिन चालू न करता रेडिएटरचं झाकण काढलं, प्रेशर टेस्टर बसवला आणि हातपंपाने ०.९ किलोपर्यंत दाब दिला. झाकणाला जेवढा दाब पेलायचा असतो तेवढाच. जास्त दिला तर जुना रेडिएटर फुटतो. काटा हळूहळू उतरू लागला. म्हणजे गळती आहे, आणि ती गार इंजिनात आहे.

टॉर्च आणि दांडीचा आरसा घेऊन मी इंजिनाच्या मागच्या बाजूला, केबिनच्या पत्र्याकडे वाकलो. हीटरकडे जाणारा होज पाइप जिथे लोखंडी नळीवर चढतो, तिथे पांढरट-हिरवी पापडी जमली होती. कूलंटमधलं पाणी उडून जातं, उरलेला थर तिथेच चिकटतो. त्या पापडीच्या कडेला एक बारीक थेंब फुगत होता. तो गिअरबॉक्सवर उतरला आणि पुठ्ठ्यावरच्या डागाचा उलगडा झाला.

आठ

हाताखालचा पोरगा आला. मी म्हटलं, "होज लगेच सोडू नको. आधी गाडी गरम कर."

पंखा लागेपर्यंत इंजिन चालवलं. झाकण लावण्याआधी रेडिएटरच्या तोंडात बुडबुडे येतात का पाहिलं, नाही आले. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय नाही. हेड पॅकिंग ठणठणीत आहे. आणि गरम इंजिनात तो होज पाइप कोरडा! लोखंड आणि रबर तापून फुगतात, फट बुजते. रात्री सगळं आकसतं आणि क्लिपची पकड सैल पडते. गुरुजी जिथे जिथे गाडी दाखवत गेले, तिथे ती चालून, तापून पोहोचली. गळती कोणाला दिसणार? निव्वळ अंदाजावर इंजिन खोललं असतं तर गुरुजींचे हजारो रुपये गेले असते, ओल तशीच राहिली असती आणि दोष गाडीच्या वयाला दिला गेला असता. जुनी गाडी म्हटलं की लोक तपासायचेच थांबतात, याचा मला मनापासून राग येतो.

साडेअकरा

इंजिन निवल्यावर कूलंट घमेल्यात काढलं. जमिनीवर सांडू द्यायचं नाही, हा इथला कडक नियम. त्यात ग्लायकॉल असतं, ते गोड लागतं. कुत्रं चाटून जातं आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरतं.

होज पाइप सोडला. रबराचं टोक लाकडासारखं कडक झालेलं, तारेची क्लिप ढिली, आणि नळीला गंजाचे खड्डे. नुसती क्लिप आवळून भागलं नसतं. नळी एमरी पेपरने घासून गुळगुळीत केली, नवा होज चढवला, स्क्रूची क्लिप लावली. एका वयाचे बाकीचे होजही बदलले, कारण आज एक सुटला तर उद्या दुसरा घाटात सुटतो. गळती बुजवायची पावडर मी कोणाच्याही रेडिएटरमध्ये टाकत नाही; ती गळती बुजवताना हीटरच्या बारीक नळ्याही बुजवते.

थर्मोस्टॅट बघितला तर जागेवर नव्हताच. गाडी हीट होऊ नये म्हणून तो काढून टाकायची आपल्याकडे फार वाईट सवय आहे. इंजिन मग धड तापतच नाही, पेट्रोल जास्त खातं. नवा बसवला.

दोन

विहिरीचं पाणी भरायचं नाही. आपल्याकडच्या जड पाण्याने रेडिएटरात क्षार बसतात. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. हीटर पूर्ण उघडा ठेवून हळूहळू भरलं. हवा अडकली की काटा खोटं सांगतो.

साडेतीन

समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढलो, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये. खरी परीक्षा इथेच. साधारण तीनशे मीटर चढलं की पाण्याचा उत्कलनबिंदू एका अंशाने उतरतो. महाबळेश्वरच्या उंचीवर पाणी पंच्याण्णव-शहाण्णवलाच उकळतं. झाकणाने दाब धरला तरच इंजिनातलं पाणी एकशे पंधराच्या पुढेही उकळत नाही. म्हणून या झाकणाची रबरं चिरलेली दिसल्यावर तेही नवं लावलं होतं. काटा मध्यावरून हलला नाही. ७९६ सीसीचं हे तीन सिलिंडरचं इंजिन चढावर ज्या इमानाने ओढतं, ते ऐकताना मला अजून समाधान वाटतं.

साडेपाच

गुरुजी पैसे काढून उभे. "झाली ना? नेऊ का?"

"गुरुजी, आज नाही. गरम गाडी तर पहिल्यापासूनच गळत नव्हती. रात्रभर गार होऊ द्या. सकाळी मी दाब देऊन बघतो, काटा टिकला की फोन करतो."

त्यांना पटलं. जुना होज त्यांच्या हातात दिला, टोक वाकवून दाखवलं. झाकण गरम असताना कधी उघडायचं नाही, पातळी फक्त सकाळी बघायची, कमी झाली तर नुसती भर न घालता मला कळवायचं, हे त्यांनी वहीत लिहून घेतलं. मेढ्याची एसटी चुकू नये म्हणून पोरगा त्यांना मोटरसायकलवरून स्टँडवर सोडायला गेला.