प्लेगचे क्रूस

सप्टेंबर 1896मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात गाठीचा प्लेग ओळखला. घरोघरी तपासण्या सुरू झाल्या, लोकांनी शहर सोडले आणि 1897मध्ये साथरोग कायदा आला. त्याच काळात वांद्रे, गिरगाव, माझगावच्या ख्रिस्ती वस्त्यांत नाक्यानाक्यावर दगडी क्रूस उभे राहिले. काहींवर सालही कोरलेले आहे. लोक संध्याकाळी तिथे जमून प्रार्थना करत. हे क्रूस म्हणजे साथीचा सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज, असे मला वाटते. सरकारी अहवालात मृतांचा आकडा उरतो. कोणत्या गल्लीने भीती सोसली, हे क्रूस सांगतो.

यावर आक्षेप आहे, आणि तो खराही आहे: अनेक क्रूस मृतांसाठी नसून रक्षणाच्या याचनेसाठी किंवा वाचल्याच्या कृतज्ञतेसाठी उभारले गेले. पण शेजारच्या घरातून प्रेत निघत असताना वाचलेल्यांनी केलेल्या प्रार्थनेतून मृतांना वगळणार कसे? क्रूस जागेवरच जपण्यावर दुसरा आक्षेप वाहतुकीचा. रस्ता रुंद व्हायलाच हवा, पण क्रूस दुसरीकडे हलवला की त्याचे गल्लीशी असलेले नाते तुटते. म्हणून आधी नोंद, मग निर्णय, हा क्रम असावा.

मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरच्या वाचकालाही साथीची अशी स्थानिक आठवण परकी नाही. 1918च्या इन्फ्लुएंझाचा सर्वाधिक तडाखा बसलेल्या प्रांतांत तेव्हाचा मध्यप्रांत होता आणि हा मराठी मुलूख त्याचाच भाग. त्या साथीची आठवण शोधण्यासाठी इथल्या घराघरांतील वंशावळी आणि गावोगावची जुनी जन्म-मृत्यूची दप्तरे एकत्र वाचायला आजही हरकत नाही.