मुक्तिसदनाचा छापखाना

न्हावऱ्याहून चौफुल्याकडे येणारा रस्ता भीमा ओलांडून दौंड तालुक्यांत उतरतो; तेथून जवळच केडगांव आहे. येथील मुक्तिसदन पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनीं वसविलें. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्यांनीं मध्यप्रांतांतून सुमारें तीनशें निराधार स्त्रिया व मुली आणल्या. १९०० मध्यें गुजराथेंतील दुष्काळपीडितांची भर पडून ही संख्या दीड हजारांवर गेली.

हें कार्य केवळ अन्नदानावर थांबलें नाहीं. विणकाम, शिवणकाम, तेलघाणा, शेती इत्यादि उद्योग तेथें शिकविले जात. आंधळ्या स्त्रियांस ब्रेल लिपी शिकविण्यांत रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई यांनीं पुढाकार घेतला.

संग्राहकांच्या दृष्टीनें विशेष महत्त्वाचा तो तेथील छापखाना. रमाबाईंनीं मूळ हिब्रू व ग्रीकवरून सोप्या मराठींत केलेलें बायबलाचें भाषांतर येथेंच छापलें गेलें. खिळे जुळविण्यापासून छपाईपर्यंतचीं कामें आश्रमांतील स्त्रियांनीं केलीं. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजीं निवर्तल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्यें प्रसिद्ध झाला.

सबब या ग्रंथाची प्रत हातीं आल्यास ती निव्वळ धर्मग्रंथ म्हणून बाजूस सारूं नये. ज्यांचीं नांवें दुष्काळाच्या दप्तरांत बहुधा सांपडावयाचीं नाहींत, त्या स्त्रियांच्या हातचें काम तिच्या पानोपानीं शिल्लक आहे.