कवळी म्हणते, काकडी कोवळी आण!

बडोद्याच्या खंडेराव मार्केटात भाजी घ्यायला निघालात? आधी कवळीची परवानगी काढा! महाराजा सयाजीरावांनी बांधलेल्या 1906 च्या या देखण्या इमारतीत आज महापालिकेचं ऑफिस आहे आणि मागे भाजी-फुलांचा बाजार. पुढे टॅक्स, मागे टोमॅटो!

टोमॅटो सोपा. गाजर व्हिलन! माहीत आहे का, पटाशीच्या दातांनी गाजर तोडायला गेलात की कवळी मागच्या बाजूनं सुटते? खऱ्या दाताला स्वतःचं मूळ असतं. इथे सगळे एकाच प्लेटवर. एकाला धक्का, अख्ख्या पंगतीला झटका. म्हणून बारीक फोडी करायच्या आणि दोन्हीकडच्या दाढांनी एकदम चावायच्या.

आता उलटी गंमत. खऱ्या दातांनी उजवीकडे चावताना डावीकडच्या दाढा सहसा टेकत नाहीत. कवळीत मात्र त्या मुद्दाम टेकवतात, बॅलन्ससाठी! डॉक्टर रंगीत कागद दाताखाली धरून 'चावा, आता घासा' म्हणतात ना? जिथे ठिपका गडद, तिथे घासकाम.

33, 20, शून्य. हवामानाचा अंदाज नव्हे हो! (बडोद्याच्या मे महिन्यात 33 म्हणजे गारवाच.) हे दाढांच्या उंचवट्यांचे अंश. उंचवट्यांच्या दाढा मेथी-पालक छान चिरतात. पण हिरडी झिजून सपाट झाली असेल, तर तेच उंचवटे कवळीला आडवे ढकलतात. मग शून्य अंशाच्या सपाट दाढा बऱ्या. मधला तोडगाही आहे: वरच्या दाढेचं फक्त आतलं टोक खालच्या खोलगट दाढेत बसवायचं. तोंडातला खलबत्ता!

चेहरा उलटा केला की समोरच्या दाताचा आकार मिळतो, हे माहीत आहे का? 1914 मध्ये लिऑन विल्यम्सनं हा फंडा मांडला: चौकोनी, निमुळता, अंडाकृती. पुढच्या मोजमापांत तो नीटसा टिकला नाही, पण कवळीचे दात निवडताना अजून वापरतात. सेल्फीवाल्यांनो, फोन उलटा धरून बघाच!

जपानची कमाल ऐका. 1538 मध्ये वारलेल्या नाकाओका तेई या बौद्ध भिक्षुणीची लाकडी कवळी आजही जपून ठेवलेली आहे. अख्खी लाकडात कोरलेली!

बरं, मार्केटातला सगळ्यात डेंजर आयटम कोणता? ऊस? अक्रोड? छे, पिकलेला पेरू! गर लोण्यासारखा मऊ, पण एक बी प्लेटखाली शिरली की आजोबा थेट बेसिनकडे.