खात्यातले लहान पैसे कुठे जातात?

आज बोलायचं आहे ते आपल्या पासबुकाबद्दल. ज्यांच्या हाताशी पासबुक असेल त्यांनी ते काढून समोर ठेवा. ज्यांनी कित्येक महिन्यांत त्यावर नोंदी छापून आणल्या नाहीत, त्यांनी आज नुसतं ऐका आणि पुढच्या वेळी बँकेत जाल तेव्हा ते काम आधी करा.

आपल्या पवनारला पैशाच्या विचाराची जुनी ओळख आहे. विनोबाजींनी १९५० साली धाम नदीच्या काठी, परंधाम आश्रमात कांचनमुक्तीचा प्रयोग सुरू केला होता. पैशावर अवलंबून न राहता, स्वतःच्या श्रमावर जगता येतं का, हे त्यांना पाहायचं होतं. आपल्याला आज तसं जगणं शक्य नाही. रोजगार हमीची मजुरी खात्यात येते, लाडकी बहीणचे दीड हजार खात्यात येतात, गॅसची सबसिडी खात्यात येते, गटाचं कर्जही खात्यातच जमा होतं. पैशापासून मुक्ती नाही मिळाली तरी पैशाचा हिशेब आपल्या हातात असावा, एवढं तर आपण करू शकतो.

पासबुकात उजव्या बाजूला पाहा. मोठ्या रकमा आपल्या लक्षात असतात. पण मध्येमध्ये २७ रुपये १४ पैसे, २३ रुपये ६० पैसे, २३६ रुपये अशा विचित्र रकमा दिसतात. त्या आपण काढलेल्या नसतात. बँकेने कापलेल्या असतात. बाजारात सांबार घेताना आपण दोन रुपयांसाठी घासाघीस करतो, आणि इथे वर्षाला हजार-दीड हजार रुपये न विचारता जातात. कारण विचारायचं कोणाला, हेच माहीत नसतं. म्हणून एकेक कपात समजून घेऊ.

एटीएममधून किती वेळा पैसे काढले?

रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे. आपल्या बँकेच्या एटीएममधून महिन्याला पाच वेळा व्यवहार मोफत. दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून मुंबईसारख्या सहा महानगरांत तीन वेळा आणि बाकी सगळीकडे, म्हणजे आपल्या वर्धा जिल्ह्यातही, पाच वेळा मोफत. हे कमीत कमी आहे. एखादी बँक जास्तही देऊ शकते. त्यापुढे प्रत्येक वेळेला बँक जास्तीत जास्त २३ रुपये घेऊ शकते. हा दर १ मे २०२५ पासून लागू आहे. त्याआधी तो २१ रुपये होता. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४ रुपये १४ पैसे. झाले २७ रुपये १४ पैसे. ती विचित्र रक्कम ही आहे.

इथे चार गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, महिना म्हणजे कॅलेंडरचा महिना. २८ तारखेला मोफतची संख्या संपली असेल आणि निकड नसेल, तर एक तारखेपर्यंत थांबा. मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

दुसरी, पैसे आले की नाहीत हे पाहायला दुसऱ्या बँकेच्या एटीएममध्ये कार्ड घातलं, तर तोही एक व्यवहार धरला जातो. आपल्याच बँकेच्या एटीएमवर शिल्लक पाहिली तर ती मोजणीत धरत नाहीत. तरी त्यापेक्षा सोपं म्हणजे बँकेच्या मिस्ड कॉलच्या नंबरवर फोन लावायचा. बहुतेक बँकांची ही सोय आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. तो नंबर शाखेत विचारून पासबुकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

तिसरी, मशीन बंद पडलं, त्यात नोटाच नव्हत्या, किंवा लाइन गेली म्हणून पैसे निघाले नाहीत, तर तो व्यवहार मोजायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे.

चौथी, खात्यात ४०० रुपये असताना ५०० मागितले आणि मशीनने नकार दिला, तर त्याचेही बऱ्याच बँका वीस-पंचवीस रुपये आणि वर जीएसटी लावतात. हाती काहीच येत नाही आणि पैसे मात्र कापले जातात. म्हणून आधी शिल्लक, मग कार्ड.

कार्ड असल्याचे पैसे

साध्या बचत खात्याच्या कार्डावर बँक वर्षाला शुल्क लावते. बँकेप्रमाणे आणि कार्डाप्रमाणे ते वेगळं असतं. समजा २०० रुपये असलं, तर जीएसटी धरून २३६ होतात. दोन-तीन बँकांत खाती असतील आणि प्रत्येकाचं कार्ड असेल, तर वापर नसला तरी प्रत्येकाचे पैसे जातात. जे खातं लागत नाही ते बंद करा किंवा निदान त्याचं कार्ड परत करा. पण सरकारी योजनेचे पैसे कोणत्या खात्यात येतात, म्हणजे आधार कोणत्या खात्याला जोडलेलं आहे, ते आधी बघा. नाहीतर ज्या खात्यात हप्ता येतो तेच बंद व्हायचं.

आता जनधन खात्याबद्दल. ही योजना २८ ऑगस्ट २०१४ ला सुरू झाली आणि आपल्यातल्या पुष्कळ जणींचं पहिलं खातं तेच आहे. बँकेच्या भाषेत ते मूलभूत बचत खातं. त्याला किमान शिल्लक ठेवावी लागत नाही, साध्या रुपे कार्डाला वार्षिक शुल्क नाही, आणि महिन्याला किमान चार वेळा पैसे काढणं मोफत आहे. म्हणजे जनधन खात्यातून कार्डाचे किंवा शिल्लक कमी असल्याचे पैसे कापलेले दिसले, तर शाखेत जाऊन कारण विचारायलाच हवं. कधी कधी मधल्या काळात खात्याचा प्रकार बदललेला असतो, आणि ते आपल्याला कळलेलंही नसतं. ज्यांचं साधं खातं आहे आणि व्यवहार थोडे आहेत, त्यांनाही लेखी अर्ज देऊन ते मूलभूत खातं करून घेता येतं. मात्र एका बँकेत असं खातं असेल, तर त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही.

शिल्लक कमी पडली म्हणून

२०२४ च्या ऑगस्टमध्ये लाडकी बहीणचे पहिले हप्ते आले, तेव्हा राज्यात ठिकठिकाणी तक्रारी झाल्या की बँकांनी जुन्या थकबाकीपोटी पैसे कापून घेतले. पडून असलेल्या खात्यात किमान शिल्लक नव्हती, आणि पैसे येताच दंड वसूल झाला. म्हणून हा नियम प्रत्येकीला माहीत हवा: शिल्लक कमी झाली तर बँकेने आधी कळवायचं, ती भरून काढायला महिन्याचा अवधी द्यायचा, आणि दंड किती कमी पडली त्या प्रमाणात लावायचा. नुसत्या या दंडामुळे खातं शून्याच्या खाली नेता येत नाही. स्टेट बँकेने हा दंड २०२० मध्येच बंद केला. २०२५ मध्ये कॅनरा, पंजाब नॅशनल, बँक ऑफ बडोदा अशा सरकारी बँकांनीही तो काढून टाकला. तुमच्या बँकेत काय आहे, हे एकदा विचारून घ्या.

सगळ्यात मोठी गळती

ही एटीएमची नाही, कर्जाच्या हप्त्याची आहे. मोबाईल, गाडी किंवा छोट्या कर्जाचा हप्ता खात्यातून आपोआप कापला जावा अशी सही आपण केलेली असते. त्या दिवशी शंभर रुपये जरी कमी असले तरी हप्ता परत जातो. मग बँक अडीचशे-पाचशे रुपये लावते, कर्ज देणारी कंपनी आपला वेगळा दंड लावते, आणि हप्ता पुन्हा मागितला की पुन्हा तेच. हप्त्याची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा, आणि आदल्या दिवशीच खात्यात पैसे आहेत याची खात्री करा. मजुरी किंवा कापसाचा चुकारा उशिरा येत असेल, तर हप्त्याची तारीख बदलून मागता येते का, हे कंपनीला विचारा.

आता बेरीज करू. समजा एका घरात कार्डाने दर वेळी पाचशे रुपये काढतात, दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून, महिन्यात आठ वेळा. तीन वेळा जादा. २७.१४ गुणिले तीन म्हणजे महिन्याला ८१ रुपये ४२ पैसे, वर्षाला ९७७ रुपये. कार्डाचे २३६. वर्षात दोन वेळा मशीनने नकार दिला, २३.६० प्रमाणे ४७ रुपये. दोन हप्ते परत गेले, प्रत्येकी २५० आणि जीएसटी मिळून २९५, म्हणजे ५९०. एकूण साडेअठराशे. लाडकी बहीणचा एक पूर्ण हप्ता आणि वर साडेतीनशे. निंदणाला जाऊन कमावलेल्या कितीतरी दिवसांची मजुरी यात गेली.

मग काय करायचं?

महिन्याच्या सुरुवातीला खर्चाची यादी करा. किराणा, गॅस, दूध, शाळा, दवाखाना, गटाची बचत. त्यातून किती रोख लागणार ते काढा आणि दोन वेळा पैसे काढायचं ठरवा, एकदा पहिल्या आठवड्यात, एकदा पंधरवड्याला. तिसरी वेळ अडचणीसाठी राखून ठेवा. सगळे पैसे एकदम काढून घरी ठेवा असं मी म्हणणार नाही. घरात रोख दिसली की मागणारेही वाढतात, हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. वर्ध्याला जायचं तर एसटीचं अर्धं तिकीट आणि बुडालेला रोज हाही त्या पैशांचाच खर्च आहे. म्हणून एटीएमचं काम बाजाराच्या किंवा दवाखान्याच्या फेरीला जोडून घ्या.

जिथे दुकानदार घेतो तिथे रुपे कार्डाने किंवा यूपीआयने पैसे द्या. १ जानेवारी २०२० पासून या दोन्हींवर दुकानदाराला बँकेचं शुल्क पडत नाही. त्यामुळे ‘कार्डाचे दोन टक्के वर द्या’ असं कोणी म्हटलं, तर ते देऊ नका. साधा, बटणाचा फोन असेल तरी *९९# लावून शिल्लक पाहता येते आणि पैसे पाठवता येतात.

गावातल्या ग्राहक सेवा केंद्रावर अंगठा लावून पैसे काढत असाल, तर दर वेळी पावती घ्या. त्या केंद्रचालकाला कमिशन बँक देते. ‘हजारामागे दहा-वीस’ असे पैसे ग्राहकाकडून हातात मागण्याची परवानगी त्याला नाही. ‘अंगठा लागला नाही, पुन्हा लावा’ असं झालं, तर दुसऱ्यांदा लावण्याआधी पैसे कापल्याचा मेसेज आला का ते पाहा.

आणि एक नाजूक गोष्ट. कार्ड कोणाकडे असतं? नाव आपलं, खातं आपलं, पण कार्ड आणि पिन मुलाकडे किंवा मालकाकडे असेल, तर किती वेळा पैसे निघाले हे आपल्याला कळणार कसं? भांडण करायची गरज नाही. पण कार्ड आपल्या ट्रंकेत असावं, पिन आपल्यालाच माहीत असावा, आणि बँकेचा मेसेज आपल्याच मोबाईलवर यावा, एवढं मागणं रास्त आहे. एटीएम वापरायला शिकवा, असं घरातल्या लेकीला सांगा.

पैसे अडकले तर

खात्यातून कापले पण मशीनमधून आले नाहीत, तर बँकेने पाच दिवसांत ते आपणहून परत जमा करायचे आहेत. त्यापुढे उशीर झाला, तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची आहे. पावती किंवा मेसेज जपून ठेवा, शाखेत लेखी तक्रार द्या आणि तक्रारीचा नंबर घ्या. चुकीची कोणतीही कपात असली तरी रीत हीच. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला फी नाही. १४४४८ या नंबरवर माहिती मिळते.

शाखेत एकटीने विचारायला संकोच वाटतो, हे खरं आहे. म्हणून गटाने करायचं काम सांगते. पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येकीने छापलेलं पासबुक आणावं. कर्जाचा हिशेब झाला की पंधरा मिनिटं काढावीत. प्रत्येकीने गेल्या तीन महिन्यांतल्या न समजलेल्या कपातींवर पेन्सिलने खूण करावी. सचिवाने त्यांची एक यादी लिहावी: कोणाचं खातं, कोणती तारीख, किती रुपये. मग दोघी-तिघींनी ती यादी घेऊन शाखेत जावं आणि एकच प्रश्न विचारावा, ‘साहेब, हे पैसे कशाचे?’ ज्याचं उत्तर बरोबर असेल, ते समजून घ्यावं आणि पुढच्या महिन्यात टाळावं. ज्याचं उत्तर मिळणार नाही, त्याचा अर्ज तिथेच लिहून द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यावा.