इस्पितळ आणि वस्ती

गोव्यातील आरोग्यसेवेची इतर राज्यांशी तुलना होते, तेव्हा गोमंतकीयांची मान सहसा ताठ राहते आणि त्यात वावगे काही नाही. १८४२ साली स्थापन झालेल्या वैद्यकीय विद्यालयाचा वारसा सांगणारे बांबोळीचे इस्पितळ, जिल्हा इस्पितळे, तालुक्यातालुक्यांतील आरोग्य केंद्रे आणि जवळजवळ शंभर टक्के बाळंतपणे इस्पितळात, ही मिळकत थोडी नव्हे. पण याच गोव्याच्या नावावर एक उणीवही आहे आणि तिची चर्चा क्वचितच होते. २००५ साली केंद्र सरकारने ‘आशा’ कार्यकर्त्यांची योजना सुरू केली. हळूहळू ती देशभर पसरली. बाहेर राहिले ते गोवा हे एकच राज्य. २०१३ साली राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान आले आणि शहरांतील गरीब वस्त्यांत दोनशे ते पाचशे घरांमागे एक आशा असावी, असे ठरले. २०११ च्या जनगणनेप्रमाणे गोव्याची बासष्ट टक्के लोकसंख्या नागरी आहे आणि हे प्रमाण सर्व राज्यांत अधिक आहे. म्हणजे ज्या राज्याला नागरी आशेची गरज सर्वांत अधिक, तेच तिच्यावाचून राहिले.

गोवा लहान आहे, तासाभरात कोणीही इस्पितळात पोहोचतो, मग दारोदार फिरणारी बाई हवी कशाला, असे यावर कोणी म्हणेल. हा युक्तिवाद नकाशा पाहून केलेला आहे. बायणा, झुआरीनगर, मोती डोंगर किंवा चिंबलचे इंदिरानगर येथील रोजंदारीच्या माणसाला इस्पितळाचे अंतर मैलांत मोजता येत नाही. बाह्यरुग्ण विभागात एक दिवस काढायचा म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडवायची. डॉक्टर कोकणीत किंवा इंग्रजीत बोलणार, रुग्णाला कानडी किंवा तेलुगू कळणार. चिठ्ठीवर काय लिहिले आहे, कोणती गोळी जेवणाआधी आणि कोणती नंतर, पुन्हा कधी यायचे, हे विचारायचा धीर होत नाही आणि सांगायला कोणाला सवड नसते. तो घरी परततो. चार दिवसांनी बरे वाटले की गोळ्या फळीवर पडून राहतात.

क्षयरोगाच्या बाबतीत याची किंमत जबर पडते. साध्या क्षयावर औषधे सहा महिने घ्यावी लागतात. सरकार ती फुकट देते आणि ती गुणकारीही आहेत. पण दीड-दोन महिन्यांत खोकला थांबतो, ताप जातो, वजन वाढू लागते आणि आपण बरे झालो असे वाटून रुग्ण औषध सोडतो, किंवा काम संपले म्हणून मुलखाला निघून जातो. अर्धवट मारलेला जंतू मग औषधाला दाद देईनासा होतो. पुढचे उपचार अधिक लांबतात आणि अधिक त्रासाचे ठरतात; तोवर त्याच खोलीत झोपणाऱ्या मुलांच्या छातीत रोग शिरलेला असतो. रुग्णाच्या पोषणासाठी सरकार २०१८ पासून दरमहा पाचशे रुपये देत आले. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम हजार झाली. परंतु हा पैसा बँकेच्या खात्यात जमा होतो. खाते काढून देणे, कागद जुळवणे आणि पैसे आले की नाही हे पाहणे, ही कामे डॉक्टरांची नव्हेत. ती करायला वस्तीतलेच, रुग्णाला नावाने ओळखणारे कोणीतरी लागते.

हा प्रश्न परप्रांतीयांचा आहे, त्यांच्यासाठी गोव्याने खर्च का करावा, असाही एक सूर लागतो. राज्याच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेला किमान पाच वर्षांच्या रहिवासाची अट आहे आणि विमा योजनेत अशी अट असणे समजण्यासारखे आहे. जंतूला मात्र रहिवासाचा दाखला लागत नाही. जून २०२० मध्ये वास्कोचा मांगोर हिल कोरोनामुळे बंद करावा लागला, तेव्हा एका वस्तीचे दुखणे साऱ्या राज्याचे कसे होते, हे आपण पाहिले. शिवाय ही केवळ बाहेरच्यांची गोष्ट नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत गोव्यातील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत अधिक आढळले. मधुमेह आणि रक्तदाब हे जन्माचे सोबती. मुलगा आखातात किंवा बोटीवर आणि म्हातारी एकटी, अशी घरे पणजी-मडगावातही आहेत. साखर तपासली का, पायाची जखम चिघळली का, हे आठवड्याला येऊन विचारणारे माणूस त्यांनाही हवेच आहे.

वस्तीतल्या साध्या माणसाला शिकवले तर तो काय करू शकतो, याचे दाखले दूर शोधायला नकोत. नगर जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यातल्या, पुष्कळदा निरक्षर अशा बायकांच्या हाती आरोग्याचे काम सोपवले. १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आणि खुद्द गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने वैद्यकीय शिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून मानसिक आजाराच्या रुग्णांना समुपदेशन देण्याचा प्रयोग केला. गोव्यातील दहा आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांवर घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. अशा समुपदेशकांकडून सहा ते आठ बैठका घेतलेल्या रुग्णांपैकी ६४ टक्के तीन महिन्यांत सावरले. नुसत्या नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. जे ज्ञान गोव्याच्या भूमीवर सिद्ध होऊन जगभर गेले, ते गोव्याच्या वस्त्यांत मात्र पोहोचू नये, हा विरोधाभास आम्हाला खटकतो.

तथापि, इतर राज्यांनी केले तेच डोळे झाकून करा, असे आमचे म्हणणे नाही. त्या योजनेचा मोठा दोष असा की, आशेला कामगार न मानता स्वयंसेविका मानले गेले. पगार नाही, कामागणिक भत्ता. तोही कधी वेळेवर, कधी महिनोन् महिने उशिराने. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला आणि पुढच्याच वर्षी महाराष्ट्रात त्यांना वाढीव मानधनासाठी संपावर जावे लागले. ही चूक जुनीच आहे. २ ऑक्टोबर १९७७ रोजी केंद्राने गावोगाव आरोग्यसेवक नेमण्याची योजना मोठ्या उत्साहाने सुरू केली. मानधन महिना पन्नास रुपये. पुढे सेवकांची नावे बदलत गेली, रक्कम तेवढी बदलली नाही आणि योजना निस्तेज झाली. टाळ्यांवर कोणाचे पोट भरत नाही. ज्या बाईने दुसऱ्याच्या औषधाची वेळ चुकू नये म्हणून फिरायचे, तिच्या घरची चूल वेळेवर पेटण्याची हमी राज्याने द्यायला नको काय?

म्हणून सरकारपुढे आमची मागणी साधी आहे. पालिका क्षेत्रांतील गरीब वस्त्यांपासून आरंभ करावा. कार्यकर्ती त्याच वस्तीतील, तिथली भाषा बोलणारी असावी. तिची निवड वस्तीच्या पसंतीने व्हावी, कोणा नगरसेवकाच्या चिठ्ठीने नव्हे. तिला ठरावीक मासिक वेतन आणि रजा मिळावी. जवळच्या नागरी आरोग्य केंद्राशी ती जोडलेली असावी आणि तिने पाठवलेल्या रुग्णाला तिथे प्रतिष्ठेने वागवले जावे. एरवी वस्तीचा तिच्यावरचा विश्वास आठवड्यात उडेल. निवडणुकीच्या याद्या आणि सभांची गर्दी या कामांना तिला जुंपू नये. अंगणवाडीच्या सेविकांवरच हाही बोजा टाकावा, अशी सूचना येईल. तिचा विचारही होऊ नये, कारण त्या आधीच वाकल्या आहेत.

गोव्यासारख्या आटोपशीर राज्याला हे अवघड नाही, खर्चही आवाक्याबाहेरचा नाही. नव्या इमारतीची कोनशिला बसवताना छायाचित्रे निघतात. मोती डोंगरावर एखाद्या बाईने क्षयाच्या रुग्णाला सहाव्या महिन्याची शेवटची गोळी दिली, तर तिचे छायाचित्र निघणार नाही. तरीही येत्या अंदाजपत्रकात या कामासाठी तरतूद होते की नाही, याकडे आमचे लक्ष राहील. वाचकांनीही आपापल्या आमदारांना हा प्रश्न विचारावा.